अभयानंतरची जबाबदारी

शिक्षेने न वाकलेला माणूस एखाद्या अनपेक्षित दयेने बदलतो, हा विश्वास भारतीय परंपरेत फार जुना असला, तरी ही दया नेमके काय करते आणि ती कोठे अपुरी पडते, याचा विचार क्वचितच केला जातो. कथा सांगणारा बहुधा क्षमेच्या क्षणापाशी थांबतो, ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि क्षमा मिळालेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय केले, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. वस्तुतः परिवर्तनाचा खरा इतिहास त्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो, आणि मराठी मुलुखातील ज्या कथा व जे प्रयोग या विषयाच्या संदर्भात महत्त्वाचे ठरतात, ते सगळे याच गोष्टीची साक्ष देतात.

वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान असल्यामुळे त्या परिसरात ‘गुरुचरित्र’ या ग्रंथाचे पारायण घरोघरी होते, आणि त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात नृसिंहसरस्वतींचे पूर्वावतार मानले गेलेले श्रीपाद श्रीवल्लभ यांची एक कथा येते. व्यापार करणारा वल्लभेश नावाचा ब्राह्मण नवस फेडण्यासाठी द्रव्य घेऊन कुरवपूरला निघाला असता वाटेत सोबती म्हणून मिसळलेले चोर त्याचा शिरच्छेद करतात. तेव्हा श्रीपाद श्रीवल्लभ तेथे प्रकट होऊन त्या चोरांचा वध करतात, परंतु त्यांच्यातील एक जण शरण येऊन, आपल्याला या हत्येची कल्पना नव्हती, असे सांगत जीवदान मागतो आणि त्याला ते मिळते. कथा येथेच संपली असती तर ती केवळ शरणागताला अभय देण्याची कथा झाली असती. मात्र वाचलेल्या त्या चोराच्या हाती विभूती दिली जाते, मृताचे मस्तक धडाला जोडून त्यावर ती टाकण्याचे काम त्याच्यावर सोपविले जाते, आणि वल्लभेश जिवंत होऊन उठतो तेव्हा घडलेला सगळा प्रकार त्याला सांगण्याची पाळीही त्याच चोरावर येते. चमत्काराचा भाग श्रद्धेचा म्हणून बाजूला ठेवला, तरी कथेची रचना विलक्षण जाणती आहे: ज्याच्या टोळीने एक जीव घेतला, त्यालाच तो जीव परत आणण्याच्या कामाला लावले जाते आणि ज्याच्यावर अन्याय झाला, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलायला लावले जाते.

विदर्भातील दुसरी कथा महानुभाव पंथाची. म्हाइंभटाने तेराव्या शतकाच्या अखेरीस अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे संकलित केलेल्या ‘लीळाचरित्र’ या मराठीतील आद्य चरित्रग्रंथात चक्रधरस्वामींच्या ज्या आठवणी आहेत, त्यांत पारध्यांच्या तावडीतून सुटलेला एक ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो, अशी एक लीळा आहे. मागोमाग आलेले पारधी ससा मागतात, स्वामी तो देण्यास नकार देतात, आणि मग रागावण्याऐवजी त्यांच्याशी बोलू लागतात; रानातले गवत खाऊन आणि ओहोळाचे पाणी पिऊन जगणाऱ्या या निरुपद्रवी जिवांना का मारता, एवढाच त्या बोलण्याचा आशय असतो, आणि ते ऐकून पारधी शिकार सोडण्याचा शब्द देतात. येथे दया सशावर झाली हे उघड आहे, पण शिकाऱ्यांवरही झाली, कारण त्यांना शाप मिळाला नाही, धिक्कार मिळाला नाही. समजूतदार माणसाशी बोलावे तसे कोणीतरी त्यांच्याशी बोलले. ज्याला जन्मभर फक्त हुकूम किंवा शिव्या ऐकायची सवय आहे, त्याच्याशी कारण देऊन बोलणे हीसुद्धा एक दयाच असते, आणि बहुधा तीच सर्वांत दुर्मीळ असते.

अशा वागणुकीने कठोर मन का हलते, याचे एक समाधानकारक स्पष्टीकरण गुन्हेशास्त्राने, म्हणजे गुन्ह्याची कारणे व गुन्हेगाराचे वर्तन यांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राने, दिले आहे. ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1957 मध्ये असे दाखवून दिले की, नियम मोडणारी माणसे बहुधा नीतीची जाणीव नसलेली नसतात, तर ती जाणीव शांत ठेवण्यासाठी काही समर्थने मनाशी बाळगून असतात. आपण परिस्थितीमुळे असे झालो, आपल्या कृत्याने खरे नुकसान कोणाचेच झाले नाही, ज्याचे झाले तो त्याच लायकीचा होता, आपल्या माणसांसाठी हे करणे भाग होते, आणि आपल्याला नावे ठेवणारे पोलीस, न्यायाधीश, सावकार तरी कोठे धुतल्या तांदळासारखे आहेत, असा त्या समर्थनांचा सूर असतो. यांतील शेवटचे समर्थन सर्वांत चिवट असते, कारण प्रत्येक अपमान, प्रत्येक मारहाण आणि प्रत्येक अन्यायकारक अटक त्याला नवा पुरावा पुरविते. जग क्रूर आहे, म्हणून मीही क्रूर आहे, हा हिशेब निर्ढावलेला माणूस वर्षानुवर्षे जुळवीत आलेला असतो. ज्याच्याकडून सूड अपेक्षित होता, त्याने सूड न घेतल्यास हा हिशेब एकाएकी चुकतो. त्या क्षणी त्या माणसाला वाटते ते समाधान नसते, तर अस्वस्थता असते, कधी कधी संतापही असतो, कारण दयेने त्याच्या जवळची एकमेव ढाल काढून घेतलेली असते.

व्हिक्टर ह्यूगोने 1862 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ले मिझराब्ल’ या कादंबरीत ही अस्वस्थता अचूक ओळखली होती. बिशपने चोरीला गेलेली चांदीची भांडी माफ करून वर चांदीच्या मेणबत्तीदाण्याही दिल्या, एवढेच बहुतेकांच्या लक्षात राहते. परंतु त्यानंतर लगेच ती भांडी चोरणारा जाँ वालजाँ रस्त्यात भेटलेल्या एका गरीब मुलाचे नाणे पायाखाली दाबून ठेवतो, आणि ते मूल रडत निघून गेल्यावर मगच स्वतःची ओळख पटून कोसळतो. दया मिळाल्यानंतरही जुनी सवय एकदा तरी डोके वर काढते, हे ज्यांना ठाऊक नसते, ते पहिल्या घसरणीलाच ‘हा सुधारणारच नाही’ असा निकाल देऊन मोकळे होतात आणि चाललेले काम अर्ध्यावर मोडतात.

महाराष्ट्रात हे काम एका व्यवस्थेच्या रूपाने उभे राहिले ते औंध संस्थानात. बहात्तर गावांचे आणि तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले हे छोटे संस्थान सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि चित्रकार असलेल्या भवानराव पंतप्रतिनिधींच्या ताब्यात होते. त्यांनी 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून आपली सत्ता प्रजेच्या पंचायतींकडे सोपविली. या घटनेच्या कामात त्यांचे पुत्र आप्पासाहेब पंत यांच्याबरोबर मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले, भारतानंद या नावाने ओळखले जाणारे अभियंते होते. माणदेशातील आटपाडीजवळ फ्रीडमन यांच्या पुढाकाराने कैद्यांची एक वसाहत वसविण्यात आली, तिचे नाव स्वतंत्रपूर. तिला तट नव्हता, पायांत बेड्या नव्हत्या. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसे तेथे मोकळ्या जमिनीवर शेती करीत आणि त्यांना आपली बायकामुले जवळ ठेवून राहता येत असे.

या रचनेतील बायकामुलांची उपस्थिती ही सोय म्हणून पाहिली जाण्याची शक्यता आहे, परंतु प्रयोगाचे मर्म तेथेच आहे. कोठडीतील कैद्याला जेवण मिळते, कपडे मिळतात, उठण्याची आणि झोपण्याची वेळ दुसरा ठरवितो, आणि अशा रीतीने तो दहा-पंधरा वर्षांत जबाबदारी घेण्याची सवयच गमावून बसतो. स्वतंत्रपुरातील कैद्याला पेरणी कधी करायची हे ठरवावे लागे, माणदेशासारख्या अवर्षणाच्या मुलुखात पाण्याची चिंता करावी लागे, आणि पीक बुडाले तर त्याची झळ घरातल्या माणसांना लागताना पाहावी लागे. पळून जाणे शक्य असताना न पळणे हा निर्णय त्याला रोज नव्याने घ्यावा लागे. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकलेला नाही, त्याला विश्वासघात करण्याचीही संधी नसते, आणि म्हणून विश्वास पाळण्याचा अनुभवही त्याच्या वाट्याला येत नाही. स्वतंत्रपूरने तो अनुभव देऊ केला. औंध संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, पण ही वसाहत टिकली आणि आज ती सांगली जिल्ह्यात राज्याच्या कारागृह विभागाच्या अखत्यारीत आहे.

या प्रयोगाची कीर्ती देशभर पोहोचविली ती व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटाने. त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच परिसरातले. त्यांचा जन्म आटपाडी तालुक्यातील शेटफळे येथे झाला. सहा खुनी कैद्यांना घेऊन ओसाड जमीन पिकविणाऱ्या जेलरची ही कहाणी 1958 च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल या पुरस्काराची मानकरी ठरली. चित्रपटात जेलरचा अखेर मृत्यू होतो आणि त्याचे डोळे कैद्यांवर पहारा देत राहतात, हे नाट्याच्या दृष्टीने प्रभावी आहे. परंतु त्यामुळे अशा कामाला हुतात्मा लागतो, असा समज रूढ होण्याचा धोका आहे. प्रत्यक्षातले स्वतंत्रपूर एका माणसाच्या बलिदानावर उभे राहिले नाही, ते नियम, जमीन, बी-बियाणे आणि दशकानुदशके चाललेली शिस्त यांवर उभे राहिले, आणि याच कारणाने त्याचे अनुकरण होऊ शकते.

तसे ते झालेही. महाराष्ट्रात खुली कारागृहे आहेत, त्यांपैकी एक वाशीमपासून फार दूर नसलेल्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी येथे आहे. खुले कारागृह म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या आणि शिक्षेचा ठरावीक भाग भोगलेल्या कैद्यांना कमीत कमी बंदोबस्तात ठेवून शेतीच्या वा अन्य कामाला लावणारी संस्था. तिच्याबरोबर शिक्षेत मिळणारी माफी, संचित रजा म्हणजे वर्तणुकीच्या आधारे मिळणारी ठरावीक दिवसांची रजा, आणि अभिवचन रजा म्हणजे कुटुंबातील आजारपण वा मृत्यूसारख्या कारणाने मिळणारी रजा, अशा तरतुदी आहेत. तर राज्यघटनेच्या 72 आणि 161 या अनुच्छेदांनुसार अनुक्रमे राष्ट्रपती व राज्यपाल शिक्षा माफ किंवा कमी करू शकतात. विनोबा भावे यांनी 1960 मध्ये चंबळच्या खोऱ्यात पदयात्रा केली तेव्हा वीस डाकूंनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली, तीही याच विचाराची परिणती होती. मात्र विनोबांनी त्यांना खटल्यातून सुटका देऊ केली नव्हती, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. शरण आलेल्यांना न्यायालयापुढे उभे राहावे लागले.

दयेचा हा विचार एका प्रश्नापाशी नेहमी अडखळतो, आणि तो अडखळलाच पाहिजे: ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार इतरांना कोणी दिला? वाशीमच्या दक्षिणेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथशी नामदेवांविषयीची एक आख्यायिका जोडली जाते. तिच्यानुसार पूर्वायुष्यात वाटमारी करणाऱ्या नामदेवाने देवळापाशी भुकेने रडणारे मूल आणि त्याची विधवा आई पाहिली, तिचा नवरा आपणच मारल्याचे त्याला कळले आणि तो अंतर्बाह्य हादरला. ही कथा संत नामदेवांची नसून ती नंतर त्यांना चिकटली, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते मत सबळ आहे. तरीही कथेचा रोख मोलाचा आहे, कारण येथे कोणीही क्षमा करीत नाही. आपल्या कृत्याचा परिणाम भोगणारा चेहरा समोर येणे, हेच परिवर्तनाचे कारण ठरते. पीडिताला वगळून केलेली दया गुन्हेगाराच्या ‘नुकसान कोणाचेच झाले नाही’ या समर्थनाला बळ देते. म्हणून 1958 च्या परिविक्षा कायद्याने, म्हणजे दोषी ठरलेल्या व्यक्तीला तुरुंगात न धाडता देखरेखीखाली मोकळे सोडण्याची तरतूद करणाऱ्या कायद्याने, सोडताना नुकसानभरपाई द्यायला लावण्याचा अधिकारही न्यायालयाला दिला, तो शहाणपणाचाच आहे.

दयेच्या या विचाराची दुसरी बाजूही वाशीमच्या मातीत दिसते. ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांनाच जन्मतः गुन्हेगार ठरविले. पोलिसांपुढे हजेरी, हालचालींवर बंधने आणि कुंपणातील वसाहती त्यांच्या माथी मारल्या. कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण गावात चोरी झाली की सर्वप्रथम या समाजांपैकी असलेल्या पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय त्यानंतरही टिकली. काहीही न करता ज्याला गुन्हेगार म्हटले जाते, त्याला दयेची गरज नसते, न्यायाची असते. आणि हा भेद न करता त्यांच्या ‘सुधारणे’विषयी बोलणे हा नवा अपमान आहे. कारंज्याच्या परिसरातील माळरानांवर, जेथे कारंजा-सोहोळ हे काळविटांचे अभयारण्य आहे, काही फासेपारध्यांनी तणमोरासारख्या दुर्मीळ पक्ष्याच्या आणि त्याच्या गवताळ रानाच्या रक्षणात पुढाकार घेतला, तो कोणी त्यांना माफ केले म्हणून नव्हे, तर पक्ष्यांविषयीच्या त्यांच्या पिढीजात ज्ञानाला प्रथमच किंमत मिळाली म्हणून.

शिक्षा भोगून गावी परतणाऱ्या माणसाच्या बाबतीत हीच किंमत निर्णायक ठरते. शॅड मारुना या अभ्यासकाने इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे गुन्हे सोडलेल्या आणि न सोडलेल्या माणसांच्या जीवनकथा ऐकून 2001 मध्ये जे पुस्तक लिहिले, त्यात असे आढळले की, गुन्ह्यापासून दूर राहू शकलेली माणसे स्वतःच्या भूतकाळाला उपयोगी अर्थ देतात, दुसऱ्या कोणाला त्या वाटेवरून परतविण्यात तो अनुभव खर्च करू पाहतात, आणि त्यांच्या कहाणीत बहुतेक वेळा कोणीतरी त्यांच्यावर आधी विश्वास ठेवलेला असतो. महाराष्ट्रात परिविक्षा अधिकारी न्यायालयासाठी जो चौकशी अहवाल तयार करतात, त्यात आरोपीचे वर्तन, घरची परिस्थिती आणि उपजीविकेचे साधन यांची नोंद असते. त्या नोंदीतला उपजीविकेचा रकाना मात्र अधिकाऱ्याला एकट्याने भरता येत नाही, त्यासाठी गावातील एखाद्या शेतकऱ्याने, दुकानदाराने किंवा गॅरेजच्या मालकाने पुढे येऊन ‘याला उद्यापासून कामावर पाठवा’ असे म्हणावे लागते.