क्रौर्यवाचक इंग्रजी शब्द

बुलढाणा जिल्ह्यांतील लोणार येथें जे गेले असतील त्यांनीं दैत्यसूदनाचें मंदिर पाहिलेंच असेल. लवणासुराचा वध विष्णूनें तेथें केला, अशी कथा आहे. पण 'असुर' हा शब्द मुळांत दुष्टवाचक नव्हे. ऋग्वेदांत तो वरुणासहि लावलेला आहे, आणि इराणांत 'अहुर' हें त्याचेंच रूप परमेश्वराचें नांव झालें. इंग्रजी 'डीमन' शब्दाचें नशीबहि असेंच. ग्रीक लोक तो देवतेस लावीत. ख्रिस्ती धर्माच्या प्रसारानंतर तो सैतानाच्या परिवारांत जाऊन बसला.

'विलन'ची हकीकत अधिक बोधप्रद आहे. मूळ अर्थ, जमीनदाराच्या वाडीवर राबणारा कुळवाडी. शिष्टांनीं त्यास प्रथम अडाणी ठरविलें, मग नीच, आणि अखेर खलपुरुष. आपणहि 'गांवढळ' म्हणतों. पण आपली निंदा रीतिभातीपाशीं थांबली, त्यांची थेट गुन्ह्यापर्यंत गेली! उलट आपला 'ठग' तिकडे जाऊन अधिक भयंकर झाला. आपल्याकडे तो ठकवितो. इंग्रजी 'थग' मारहाण करतो. 1830 नंतर स्लीमन यानें ठगांविरुद्ध जी मोहीम चालविली, तिच्या वृत्तांतांमुळें हा शब्द विलायतेंत घरोघर पोहोंचला.

आतां अर्थच्छटा पाहूं. 'विकेड' मनुष्याची नीति बिघडलेली असते. तो कोणास बोटहि न लावतां 'विकेड' असूं शकतो. 'रूथलेस' मनुष्य आपल्या हेतूकडे जातांना दया आड येऊं देत नाहीं. गंमत अशी कीं, दयावाचक 'रूथ' हा शब्द व्यवहारांतून जवळजवळ गेला, निर्दयतेचा मात्र टिकला. 'ब्रूटल' म्हणजे पशुतुल्य. पशूंवर हा अन्यायच आहे.

'क्रुएल' मात्र आपला नातलग. लॅटिन 'क्रूदेलिस' व संस्कृत 'क्रूर' यांचें मूळ एकच: कच्चें, रक्ताळलेलें मांस. त्यामुळेंच कीं काय, रक्त दिसल्यावांचून क्रूरता घडली असें आपणांस वाटत नाहीं. अंगावर वळ नाहीं, मग छळ कसला, असें सुशिक्षित घरांतहि सुनेविषयीं म्हटलें जातें. कायद्याचा अर्थ एवढा संकुचित नाहीं. 1983 सालीं भारतीय दंडविधानांत 498-अ हें कलम आलें. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या 85 व 86 या कलमांनीं घेतली आहे. विवाहितेस आत्महत्येकडे लोटील किंवा तिच्या जीवितास, शरीरास अथवा आरोग्यास गंभीर अपाय करील असें हेतुपुरस्सर वर्तन त्यांत 'क्रूरता' ठरतें. आणि आरोग्य म्हणतांना 'मानसिक अथवा शारीरिक' असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत. तिच्याकडे किंवा तिच्या माहेरच्यांकडे पैसा किंवा मालमत्ता यांची बेकायदा मागणी करून त्यापायीं तिचा केलेला छळहि त्यांतच येतो. पति अथवा त्याचे नातेवाईक, कोणीहि दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे.