रसायनांचे बारसे

गेल्या वैशाखात आम्ही सहकुटुंब अलिबागेजवळ नागावास, आमच्या वाडीतल्या घरी गेलो होतो. घर लहानच, पण सुटीत तिन्ही भावांची मुले जमली म्हणजे पाय ठेवावयास जागा उरत नाही. मुलांतील सर्वांत वडील पुतण्या यंदा बारावीत गेला. सकाळी ओटीवर बसून तो सेंद्रिय रसायनशास्त्रातील नावे मोठ्याने पाठ करी, आणि पलीकडे मातोश्री खोबरेलाची बाटली घेऊन नातीची वेणी घालीत.

"कसले रे हे स्तोत्र?" त्यांनी एके दिवशी विचारले.

"स्तोत्र नव्हे आजी, नावे आहेत. तुझ्या हातातल्या तेलात जे आम्ल सर्वांत जास्त असते ना, त्याला लॉरिक आम्ल म्हणतात."

"लॉरिक म्हणजे काय?"

पुतण्या गप्प झाला. पुस्तकात ते दिलेले नव्हते. क्षणभराने तो म्हणाला, "ते ठाऊक नाही, पण त्याचे दुसरे नाव डोडेकेनॉइक आम्ल. डोडेक म्हणजे बारा. त्याच्यात बारा कार्बन असतात."

"म्हणजे द्वादश की!" मातोश्री म्हणाल्या, आणि पुन्हा वेणीकडे वळल्या.

हा संवाद आमच्या मनात राहिला. एकाच पदार्थाची दोन नावे. त्यांपैकी एकाचा अर्थ शिकलेल्या मुलास सांगता येईना, आणि दुसऱ्याचा अर्थ रसायनशास्त्राचे एक अक्षरही न शिकलेल्या आजीस चटकन उमगला. ह्या दोन नावांत कोणता भेद आहे आणि तो आपल्यासारख्या घरांनी का जाणावा, हे वाचकांपुढे मांडावे असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहो.

प्रथम लॉरिकचे पाहू. 'लॉरस' हे भूमध्य समुद्राकाठच्या एका झाडाचे लॅटिन नाव. त्या झाडाच्या फळांतील तेलात हे आम्ल मिळाले, म्हणून ते लॉरिक. खोबरेलातील मेदाम्लांचा जवळजवळ निम्मा भाग ह्याच आम्लाचा. पण नाव मात्र आमच्या किनाऱ्यावर न उगवणाऱ्या झाडाचे! त्याच खोबरेलात कॅप्रिलिक व कॅप्रिक अशी आणखी दोन आम्ले असतात, आणि त्यांचा कॅप्रोइक नावाचा तिसरा भाऊही आहे. 'केपर' म्हणजे लॅटिनमध्ये बोकड. शेळीच्या दुधातील चरबीत ही तिन्ही आढळतात. तिन्ही नावांत एखाद्या अक्षराचा काय तो फेर. त्यावरून थोरला कोण, धाकटा कोण, हे कळण्यास मार्ग नाही. उलट त्यांची शास्त्रीय नावे घ्या : हेक्झेनॉइक, ऑक्टेनॉइक आणि डेकेनॉइक, म्हणजे सहा, आठ आणि दहा कार्बनांची आम्ले. संशयास जागाच उरत नाही.

पहिल्या प्रकारचे नाव हे हाकेचे नाव होय. घरात एखाद्यास बाळू, एखादीस ताई म्हणतात, तसे ते पडते. पदार्थ कोठे सापडला, कसा दिसला, जिभेला कसा लागला, ह्यावरून पडते. दुसऱ्या प्रकारचे नाव निराळे. मुंज झालेला बटू वडिलांस अभिवादन करतो तेव्हा "मी बाळू" असे म्हणत नाही. प्रवर, गोत्र, सूत्र, शाखा आणि शेवटी आपले नाव अशा ठरलेल्या क्रमाने तो सांगतो. ऐकणारा सर्वस्वी परका असला तरी मुलाचा ठावठिकाणा त्यास कळतो. रसायनांच्या शास्त्रीय नावाचे तत्त्व नेमके हेच आहे.

हाकेची नावे पुरी पडत नाहीत हे रसायनशास्त्रज्ञांस कसे कळून आले, ह्याचे उदाहरण आमच्या रायगड जिल्ह्याशीच जोडलेले आहे. पाताळगंगेच्या काठी रसायनी नावाचे गाव आहे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स ह्या सरकारी कंपनीचा मोठा कारखाना तेथे होता; २०१७ मध्ये केंद्र सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. तेथे तयार होणाऱ्या पदार्थांत ॲनिलीन हा एक प्रमुख होता. हा पदार्थ १८२६ मध्ये एका जर्मन संशोधकास नीळ तापवून मिळाला, त्याने त्यास क्रिस्टॅलीन म्हटले. १८३४ मध्ये दुसऱ्यास तो दगडी कोळशाच्या डांबरात सापडला, त्याने क्यानॉल म्हटले. पुढे तिसऱ्याने निळीपासूनच तो काढून ॲनिलीन म्हटले, आणि चौथ्याने निराळ्याच रीतीने तो बनवून बेंझिडाम म्हटले. १८४३ मध्ये हॉफमन ह्याने सिद्ध केले की हे चारही पदार्थ एकच आहेत! एका मुलाची चार गावी चार बारशी झाली, आणि तो एकच मुलगा आहे हे कोणास ठाऊक नव्हते, असा हा प्रकार. ॲनिलीन हे नावही मुळात आपल्याकडचेच : संस्कृत 'नील' अरबांकडे गेला, तेथून पोर्तुगीजांकडे 'अनिल' होऊन पोचला. ज्या पोर्तुगीजांच्या कोटाचे अवशेष आमच्या रेवदंड्यास आजही उभे आहेत, त्यांच्याच भाषेतून हा शब्द युरोपच्या प्रयोगशाळेत शिरला, आणि शतकाहून अधिक काळाने रसायनीच्या पिंपांवर परत आला.

ह्याच्या उलट अडचण एका नावाच्या दोन वस्तूंची. आपल्या स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन व ब्यूटेन हे वायू असतात. ब्यूटेनमध्ये चार कार्बन व दहा हायड्रोजन. परंतु ते चार कार्बन एका ओळीत उभे राहू शकतात, किंवा तीन ओळीत आणि चौथा मधल्याच्या कडेला, असेही राहू शकतात. दोन्हींचे रेणुसूत्र एकच. तरी पहिला सुमारे उणे अर्ध्या अंशावर उकळतो, दुसरा उणे बारा अंशांच्या आसपास. कार्बनांची संख्या वाढली म्हणजे ह्या रचना किती होतात पाहा. दहा कार्बनांच्या, एकेरी बंधांच्या साध्या साखळीचे ७५ प्रकार संभवतात. वीस कार्बनांच्या साखळीचे ३,६६,३१९! इतक्या मुलांस हाकेची नावे कोठून आणावयाची?

म्हणून १८९२ च्या एप्रिलमध्ये युरोपातील नामांकित रसायनशास्त्रज्ञ जिनिव्हा येथे जमले, आणि फ्रीडेल ह्यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी सेंद्रिय संयुगांच्या बारशाचे नियम बांधले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय रसायन संघ स्थापन झाल्यावर ते काम त्याच्याकडे आले. १९३० मध्ये लिएज येथे नियमांची सुधारणा झाली, आणि पुढेही होत गेली. आजचा मोठा नियमग्रंथ २०१३ चा आहे.

नियम शेकड्यांनी आहेत, पण त्यांचा गाभा चार पायऱ्यांत सांगता येतो. पहिली पायरी, मुख्य साखळीतील कार्बन मोजणे. एकास मिथ, दोहोंस इथ, तिहींस प्रोप, चारांस ब्यूट. ही चार नावे जुनी म्हणून तशीच ठेवली. पाचापासून अंक लागतात : पेंट, हेक्झ, हेप्ट, ऑक्ट, नोन, डेक. पंच, षट्, सप्त, अष्ट, नव, दश ह्यांच्याशी हे शब्द ताडून पाहावे. ग्रीक, लॅटिन व संस्कृत ह्या भगिनीभाषा असल्याने हे साम्य आले आहे. मातोश्रींना डोडेकमध्ये द्वादश ऐकू आले ते काही उगाच नव्हे.

दुसरी पायरी, बंध पाहणे. सर्व बंध एकेरी असतील तर शेवटी 'एन', कोठे दुहेरी असेल तर 'ईन', तिहेरी असेल तर 'आइन'. ही स्वर बदलण्याची युक्ती हॉफमनने १८६६ मध्येच सुचविली होती. अंबा नदीच्या काठी नागोठण्यास जो मोठा कारखाना आहे, तेथे इथेनपासून इथीन करतात, आणि त्या इथीनपासून आपल्या पिशव्यांचे व डब्यांचे पॉलिथीन होते. नावात एक स्वर बदलला, तेवढ्यात दोन हायड्रोजन गेले आणि एक बंध दुहेरी झाला, एवढी हकीकत सामावली.

तिसरी पायरी कुळाची. नागावचा तो नागावकर, चौलचा तो चौलकर, तसे येथे शेवटच्या प्रत्ययावरून कूळ कळते. 'ऑल' म्हणजे अल्कोहोल, 'आल' म्हणजे अल्डिहाइड, 'ऑइक आम्ल' म्हणजे आम्ल. चौथी पायरी पत्त्याची : साखळीतील कार्बनांस क्रमांक देऊन फाटा कितव्यावर आहे ते लिहावयाचे, आणि क्रमांक शक्य तितके लहान येतील अशा टोकापासून मोजावयाचे. वर सांगितलेले फाट्याचे ब्यूटेन ह्या रीतीने २-मिथिलप्रोपेन होते; तीन कार्बनांची ओळ, आणि दुसऱ्यावर एका कार्बनाचा फाटा. नाव वाचून आकृती काढता येते आणि आकृती पाहून नाव सांगता येते.

"परीक्षेस बसणाऱ्या मुलांस हे ठीक, आम्हांस काय त्याचे?" असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे की, हाकेच्या गोड नावाने माणसे मरतात.

मिथिल हा शब्द ग्रीक 'मेथु' म्हणजे मद्य आणि 'हुले' म्हणजे लाकूड ह्यांपासून बनला. मेथु हा आपल्या मधूचाच भाऊ. लाकूड तापवून हा द्रव मिळे, म्हणून ते लाकडाचे मद्य. पण हे मद्य नव्हे, जहर आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईस मालवणी भागात मिथिल अल्कोहोल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. पिण्याच्या दारूतले ते इथिल अल्कोहोल. बाहेरून दोन्ही द्रव सारखेच निर्मळ. आता शास्त्रीय नावे घेऊन पाहावे. शरीरात इथेनॉलचे इथेनाल होते, आणि त्याचे इथेनॉइक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आम्ल, जे शरीर सहज पचविते. मिथेनॉलचे मात्र मिथेनाल होते, म्हणजे प्राण्यांची प्रेते टिकविण्याच्या फॉर्मॅलिनमधला पदार्थ. आणि त्याचे मिथेनॉइक आम्ल, म्हणजे मुंगीच्या अंगातले आम्ल, जे डोळ्यांच्या मज्जातंतूस जाळते. लाकडाचे मद्य, फॉर्मॅलिन, मुंगीचे आम्ल ह्या तीन नावांवरून त्यांचे नाते कोणास कळेल? मिथेनॉल, मिथेनाल, मिथेनॉइक आम्ल म्हटले की एकाच कार्बनाची तीन रूपे डोळ्यांपुढे उभी राहतात.

दुसरे उदाहरण ग्लिसरीनचे. हिवाळ्यात ओठ फुटले की आपण जे लावतो तेच. खोबरेलातील आम्ले ह्याच ग्लिसरीनशी जखडलेली असतात. 'ग्लुकुस' म्हणजे ग्रीकमध्ये गोड. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल निघाले, आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन ह्यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. ग्लायकॉल ह्या नावातही तेच 'गोड'. दोन्ही द्रव दाट, रंगहीन आणि चवीला गोड. पण एकाचे शास्त्रीय नाव प्रोपेन-१,२,३-ट्रायॉल, म्हणजे तीन कार्बनांची ओळ आणि प्रत्येकावर एक हायड्रॉक्सिल गट. दुसऱ्याचे २,२'-ऑक्सिडाय(इथेन-१-ऑल), म्हणजे दोन दोन कार्बनांचे दोन तुकडे मध्ये ऑक्सिजनने सांधलेले. चव एक, घडण भिन्न. आणि मूत्रपिंडास काम पडते ते घडणीशी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बाटलीवरचे नाव कितीही शास्त्रशुद्ध असले तरी आतील द्रव त्यामुळे शुद्ध होत नाही. त्याला तपासणीच हवी. परंतु तपासणी कशाची करावयाची, आत काय असावे आणि काय मुळीच असू नये, हे निश्चित शब्दांत सांगणे नावामुळेच शक्य होते.

ह्यावरून जुनी नावे टाकून द्यावीत असे मात्र कोणी समजू नये. नियम करणाऱ्यांनीही तसे केलेले नाही. २०१३ च्या नियमांत ॲनिलीन, मुंगीचे फॉर्मिक आम्ल, शिरक्याचे ॲसेटिक आम्ल आणि मूत्रावरून नाव पडलेला युरिया ही जुनी नावे मान्य करून ठेविली आहेत. 'सेंद्रिय' हा शब्दच पाहा. सेंद्रिय पदार्थ जीवांच्या इंद्रियांतूनच होतात अशी पूर्वी समजूत होती. १८२८ मध्ये व्होलरने निरिंद्रिय क्षारापासून युरिया बनवून तिला धक्का दिला, तरी शब्द राहिला. म्हणून आज अशी गंमत आहे की आमच्या शेजारी थळच्या कारखान्यात होणारा युरिया रसायनशास्त्राच्या दृष्टीने सेंद्रिय, पण सेंद्रिय शेतीत त्याला मज्जाव! शब्द कोणत्या अर्थाने वापरला हे ज्यास ठाऊक नाही त्याचा गोंधळ व्हावयाचाच.

तेव्हा घरात बाळू हा बाळूच राहो. मात्र जेथे जिवाशी गाठ आहे, तेथे पूर्ण नाव विचारण्याची सवय घरातील लहानथोरांस असावी. फडताळातील प्रत्येक बाटलीवर मूळची चिठ्ठी राहू द्यावी. स्पिरिट, जंतुनाशक, कीटकनाशक रिकाम्या सरबताच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये. आणि "ते पांढरे औषध" असे म्हणून कोणास काही आणावयास पाठवू नये, नाव लिहून द्यावे.

नागावाहून निघण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पाहिले, तो मातोश्रींनी पुतण्याला फडताळापुढे बसवून एकेका बाटलीवरचे नाव वाचावयास लावले होते. चिठ्ठी नसलेल्या दोन बाटल्या त्यांनी बाजूस काढल्या. "ह्यांचे गोत्र कोणास ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. "ह्या घरात नकोत."