जुन्या बुलेटला टर्बो? आधी हे वाचा

कुणाच्या पडवीत जुनी कास्ट आयर्न बुलेट गंजत असेल आणि डोक्यात टर्बोचं खूळ शिरलं असेल, तर आधी थोडं गणित.

🔧 हवा: ३४६ सीसीचं इंजिन ४००० आरपीएमला मिनिटाला जेमतेम ७०० लिटर हवा ओढतं. १.३ लिटर डिझेल कारचं इंजिन टर्बोशिवायही अडीच हजार लिटर. त्यामुळे भंगारातला कारचा टर्बो इथे मोठा पडतो, उशिरा जागा होतो. शोधा सर्वांत छोटा.

🔧 टाकी: सिंगल सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतो. टर्बो आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये हवेची छोटी टाकी हवीच.

🔧 पेट्रोल: टर्बोचा ०.३ बार बूस्ट (जादा दाब) म्हणजे सुमारे ४ मीटर पेट्रोलच्या उंचीएवढा दाब. आपली पेट्रोलची टाकी कार्ब्युरेटरच्या वर फूटभर! पंप लावा, फ्लोट बाऊललाही बूस्टचा दाब द्या.

🔧 ऑइल: बुलेटच्या ऑइलचा दाब कमी. टर्बोच्या बेअरिंगसाठी वेगळा पंप लावा.

कंपन्यांनीही हा नाद केलाय. होंडाने १९८२ मध्ये सीएक्स५०० टर्बो काढली: ८२ अश्वशक्ती, तीही फ्युएल इंजेक्शनवर. पण वजन, किंमत आणि टर्बोचा उशीर यांमुळे ती लाट काही वर्षांतच ओसरली.

शेवटचं, पण महत्त्वाचं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. हौस जरूर करा, पण गाडी ट्रॅकवर किंवा खासगी जागेतच पळवा. हायवेवर नको!