लिस्प भाषेतील महापूर्णांक व बाह्य अंकगणित

लिस्प भाषेतील महापूर्णांक व बाह्य अंकगणित : संगणक जेवढ्या अंकगटावर एका क्रियेत गणन करतो त्यास यंत्रशब्द म्हणतात, आजच्या संगणकांत तो बहुधा ६४ द्विमान अंकांचा असतो. त्यात न मावणाऱ्या व अनेक यंत्रशब्दांत साठवाव्या लागणाऱ्या पूर्णांकास महापूर्णांक म्हणतात. लिस्पच्या ‘कॉमन लिस्प’ या प्रमाणित रूपात पूर्णांकाच्या आकारास उपलब्ध स्मृतीखेरीज मर्यादा नाही.

एसबीसीएल या १९९९ मध्ये अवतरलेल्या लिस्प कंपायलरमधील महापूर्णांकांचे गणित मुख्यत्वे लिस्पमध्येच लिहिलेले आहे. शालेय रीतीने हजार यंत्रशब्दांच्या दोन संख्यांच्या गुणाकारास दहा लक्ष आंशिक गुणाकार लागतात. जीएमपी हा १९९१ पासून उपलब्ध असलेला कार्यसंग्रह कारात्सूबा यांची आणि शनहागे व स्ट्रासेन यांची (१९७१) रीत वापरून हे श्रम पुष्कळ कमी करतो. म्हणून त्याच्याशी जोडणी करणारा विभाग एसबीसीएलसोबत दिला जातो.

जोडणीतील खरी अडचण वेगाची नसून संख्यालेखनाची आहे. जीएमपी संख्येचे मूल्य व चिन्ह वेगळे ठेवतो. एसबीसीएल ऋण संख्या द्विपूरक पद्धतीने लिहितो. चार अंकांत +५ म्हणजे ०१०१, तर द्विपूरक पद्धतीत −५ म्हणजे १०११. हीच मांडणी केवळ मूल्य म्हणून वाचली, तर ती ११ ठरते. यंत्र चुकीची सूचना देत नाही, उत्तर मात्र चुकते. तसेच २<sup>६४</sup> − १ ही संख्या जीएमपीत एका यंत्रशब्दात मावते, पण द्विपूरक पद्धतीत तिचा अग्रांक ऋणचिन्ह समजला जाऊ नये म्हणून शून्यांचा आणखी एक यंत्रशब्द जोडावा लागतो. उलट, दोन महापूर्णांकांची वजाबाकी ५ आली, तर ती लहान पूर्णांकाच्या रूपातच परत केली पाहिजे. अन्यथा एकच संख्या दोन रूपांत वावरते आणि समतेची कसोटी फसते. ईसीएल या दुसऱ्या लिस्पमध्ये महापूर्णांक मुळातच जीएमपीच्या रूपात ठेवतात, त्यामुळे तेथे हे रूपांतर टळते.

स्मृतीचा प्रश्नही नाजूक आहे. एसबीसीएलची निरुपयोगी स्मृती गोळा करणारी यंत्रणा वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविते. बाहेरील गणन चालू असता संख्या हलली, तर जीएमपीच्या हाती जुना पत्ता उरतो. म्हणून तेवढ्या काळापुरती ती जागेवर खिळवून ठेवतात. स्मृती अपुरी पडल्यास लिस्प अपवादाची सूचना देऊन सावरण्याचा प्रयत्न करतो, तर जीएमपी मूळ व्यवस्थेनुसार संपूर्ण कार्यक्रमच थांबवितो.

लहान महापूर्णांकांच्या बाबतीत या देवघेवीचा खर्च लाभाहून अधिक होतो. त्यामुळे ठराविक लांबीखालील संख्या कंपायलरच्या स्वतःच्या रीतीनेच हाताळल्या जातात.