ती रेघ ओढते आणि उजाडते

दादरा-नगर हवेलीपासून जव्हार-डहाणूपर्यंतच्या वारली पाड्यांत चौक मांडल्याशिवाय लग्नाचे विधी पुढे सरकत नाहीत. सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने चौकट काढतात, आत पालघाट देवी उमटते आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. यशोधरा डालमिया यांनी १९८८च्या पुस्तकात या चित्रांचा सविस्तर अभ्यास मांडला, त्यालाही आता बराच काळ लोटला. चौकातली रेघ देवीला घरात आणते. भिंतीची शोभा त्यानंतरची. हे ठाऊक असलेल्या वाचकाला 'ओकामी' हा जपानी व्हिडिओ गेम परका वाटू नये. त्याची नायिका आहे पांढऱ्या लांडग्याच्या रूपातली सूर्यदेवता अमातेरासू. नायकाचा स्वभाव आणि त्याची शक्ती ही दोन वेगळी खाती मानून गेमबद्दल लिहिण्याचा प्रघात आहे. इथे तो लागू पडत नाही, असे माझे म्हणणे आहे. अमातेरासूचा स्वभाव आणि तिची शक्ती दोन्ही एकाच कुंचल्यातून, जपानी लोक ज्याने अक्षरे लिहीत आले त्याच कुंचल्यातून, उतरली आहेत.

कॅपकॉमच्या क्लोव्हर स्टुडिओने हिदेकी कामिया यांच्या दिग्दर्शनाखाली केलेला हा गेम २० एप्रिल २००६ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आला. कथेचा कच्चा माल इ. स. ७१२ मधल्या 'कोजिकी'तला: सूर्यदेवता, तिचा भाऊ सुसानो, आठ तोंडांचा सर्प ओरोची. खेळणाऱ्याने कळ दाबली की सारे जग थबकते, पडद्याचा कागद होतो आणि त्यावर कुंचला फिरवायचा. आकाशात वर्तुळ काढले की सूर्य उगवतो, चंद्रकोर काढली की रात्र पडते. शत्रूवर आडवी रेघ मारली की तो कापला जातो, वाळलेल्या झाडाभोवती कडे काढले की ते फुलते. मोडलेल्या पुलाची उणी जागा शाईने भरली की पूल सांधतो. अशी १३ तंत्रे आहेत. शाई मात्र मोजकी. ती सगळी संपली की देवीची देवी राहत नाही. थोडा वेळ ती साधा पांढरा लांडगा होते. म्हणजे तिचे देवपण शाईच्या हिशेबात आहे. मला या गेममधली ही सगळ्यांत धीट कल्पना वाटते.

जपानमध्ये अक्षर आणि चित्र यांनी शतकानुशतके तीच शाई आणि तोच कुंचला वापरला. कांजी अक्षरातल्या रेघांचा क्रम ठरलेला असतो, आणि रेघ कशी संपवायची हेही: 'तोमे' म्हणजे ठाम थांबणे, 'हाने' म्हणजे टोकाला उसळी देणे, 'हाराई' म्हणजे हळूहळू निसटत जाणे. हिरागाना ही लिपीच मुळी कांजी भरभर लिहिता लिहिता विरघळलेल्या रूपांतून घडली. शाळेत तिसरीपासून मुले कुंचल्याने लिहायला शिकतात. शाई कागदात शिरली की रेघ मागे घेता येत नाही आणि वरून केलेली दुरुस्ती लपत नाही. म्हणूनच तिकडे रेघ पाहून लिहिणाऱ्याचा स्वभाव जोखण्याची सवय मुरलेली आहे. अमातेरासू एक शब्दही बोलत नाही, तरी तिला स्वभाव आहे, तो या सवयीच्या जोरावर.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: 'ड्रॅगन क्वेस्ट'चा नायकही मुका, 'झेल्डा'चा लिंकही जवळजवळ मुका, मग या मौनाचे एवढे कौतुक कशाला? पण ते नायक मोकळे ठेवलेले असतात, खेळणाऱ्याने आत शिरावे म्हणून. अमातेरासू मोकळी नाही. समोरचा लांबण लावू लागला की ती डुलक्या घेते. ती पळते तिथे फुले उगवतात. आणि सुसानोचा प्रसंग पाहा. गेममधला सुसानो हा देवीचा भाऊ नव्हे, तर नागी या जुन्या वीराचा वंशज, बढाईखोर आणि दारूचा शौकीन. तो तलवार उगारतो, ऐन क्षणी खेळणाऱ्याने रेघ ओढायची, कापते ती रेघ, आणि पराक्रम आपलाच अशा थाटात तो मिरवतो. देवी श्रेय मागत नाही. तिचे औदार्य ज्या रेघेत दिसते तीच रेघ तिचे हत्यार आहे. या दोन गोष्टी कोणी वेगळ्या करून दाखवाव्यात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गेम आधी वास्तवदर्शी चित्रणात करायचे ठरले होते. यंत्राला तो भार पेलेना, म्हणून शाईची शैली आली आणि त्या शैलीतून कुंचल्याची कल्पना सुचली. मग ही संस्कृती की निव्वळ तांत्रिक अडचण? अडचण खरीच होती. पण अडचण फक्त एक वाट बंद करते. दुसरी कोणती सापडेल हे हाताशी काय आहे त्यावर ठरते. या मंडळींच्या हाताशी कुंचला होता. यंत्र वेडेवाकडे वर्तुळही चालवून घेते, ही तक्रारही मला फारशी टिकणारी वाटत नाही. अक्षरालाही आधी ओळखू यावे लागते, वळणदारपणा नंतरचा.

राहिली वारलीशी तुलना. ती ओढूनताणून आणलेली वाटू शकते. जपानी कुंचल्यामागे लिपी आहे, चौकामागे नाही. चौक लग्नापुरता, गेम दुकानातला. फरक मान्य. तरी या दोन रेघांचे नाते जपान्यांना जाणवले नसेल असे नाही: निगाता प्रांतातल्या तोकामाची इथे तोकिओ हासेगावा यांनी १९८२ मध्ये काढलेल्या मिथिला संग्रहालयात वारली चित्रेही आहेत. त्याहून बोचरे साम्य गेमच्या शेवटाशी आहे. अंतिम लढाईत देवीची शक्ती हिरावली जाते. ती परत येते, कारण इस्सुन हा बोटभर भटका चित्रकार तिची चित्रे गावोगाव वाटतो आणि लोकांची श्रद्धा जागी होते. रेघ ओढणारी देवी गावकऱ्यांना दिसत असते साधा लांडगा म्हणून. तिला देवी म्हणून ओळखले जाते ते इस्सुनच्या कागदांमुळे. वारली चित्र १९७०च्या दशकात भिंतीवरून कागदावर आले तेव्हा पहिले मोठे नाव झाले जिव्या सोमा म्हसे यांचे, आणि तो मान त्यांचा हक्काचाच होता. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या लग्नघरांत चौक मांडणाऱ्या सुवासिनींची नावे मात्र संग्रहालयांच्या पाट्यांवर सहसा दिसत नाहीत.