गाव पाणीदार झालं, हे ठरवायचं कुणी?

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान सुरू झालं, तेव्हा घोषणा होती २०१९ पर्यंत टंचाईमुक्त महाराष्ट्राची. नाला खोलीकरण, सिमेंट बंधारे, बांधबंदिस्ती, शेततळी अशी कामं बावीस हजारांहून जास्त गावांत निघाली आणि सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या अहवालात कॅगने सहा जिल्ह्यांतली १२० गावं तपासून म्हटलं, की भूजल वाढण्यावर आणि गावं स्वयंपूर्ण होण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. त्यावर राजकीय धुरळा बराच उडाला. पण योजनेचं यश नेमकं मोजायचं कसं, हा प्रश्न त्यात बाजूलाच राहिला.

कोणतं वर्ष धरायचं?

२०१५ चा पावसाळा कोरडा गेला आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. त्या वर्षी मग पाऊस चांगला झाला. २०१८ मध्ये त्याने पुन्हा ओढ दिली. सरकारला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला. आता २०१५ शी २०१६ ताडून बघा, योजना यशस्वी. २०१६ शी २०१८ ताडा, साफ फसलेली. आकडे दोन्हीकडचे खरेच.

म्हणून तुलनेला शेजारचं असं गाव लागतं, जिथे पाऊस तितकाच, खडक तसाच, पण योजना नाही. ते सहजी मिळत नाही. वरच्या गावाने नाला अडवला की खालच्या गावाचं पाणी घटतं, आणि त्याच्याशी तुलना केली की वरचं गाव आहे त्याहून उजवं दिसतं. शिवाय निवड टंचाईग्रस्त गावांची. भीषण वर्षानंतर साधं वर्ष आलं तरी ती सुधारलेलीच वाटणार. त्यात २०१६ पासून वरुड, कोरेगाव, अंबाजोगाई या तालुक्यांत पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धाही होती. एकाच शिवारात सरकारी जेसीबी आणि गावाचं श्रमदान, मग श्रेय कुणाच्या खाती टाकायचं?

विहिरीच्या काठावर

टेप सोडायची, पाणी लागेपर्यंतचं अंतर वाचायचं, कठड्याची उंची वजा करायची. काम एवढंच. पण रात्रीची लाईट असेल आणि मोटर पहाटेपर्यंत चालली असेल, तर सकाळी मोजलेली पातळी उपशाची असते, भूजलाची नव्हे. मोटर कधी बंद केली हे वहीत नसेल तर तो आकडा सरळ खोडावा.

राज्याचा बहुतांश भाग काळ्या कातळाचा. पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठतं, त्यामुळे एक विहीर तुडुंब आणि थोड्या अंतरावरची ठणठणीत असं सर्रास दिसतं. सरपंच पाहुण्यांना कुठल्या विहिरीवर नेतात हे वेगळं सांगायला नको! विहिरी चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि ती यादी घेऊनच गावात जावं.

पाणी वाढलं, पातळी तीच

बंधाऱ्यात पाणी दिसलं की ज्वारीच्या रानात ऊस, डाळिंब येतं, नवे बोअर पडतात. मे महिन्यात विहीर पूर्वीइतकीच खाली. पातळी हा निकष धरला तर योजना नापास, शेतकऱ्याचं उत्पन्न धरलं तर पास. हिवरे बाजारने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली, ऊस-केळीला आणि शेतीसाठीच्या बोअरला मनाई केली. इतकी शिस्त फार थोड्या गावांना जमली. मग पाणी मुरलंच नाही की मुरलं आणि उपसलं गेलं? हे सांगायला पातळीच्या जोडीला पीकपेरा आणि बोअरची संख्याही नोंदवावी लागते.

मूल्यमापकाची कोंडी

माझ्या मते खरी गाठ इथे आहे. त्रयस्थ संस्था म्हणायची, पण बहुतेक वेळा नेमणूक काम करणाऱ्या खात्याचीच आणि बिलही तेच खातं काढणार. बोलावणं कामं संपल्यावर येतं, तेव्हा आधीच्या नोंदी कुठून आणणार? मसुदा दिला की ‘भाषा जरा सौम्य करा’ असा निरोप येतो, आणि शेवटचा हप्ता अहवाल ‘स्वीकारल्यावर’ मिळायचा असतो. अशा वेळी ‘परिणाम नाही’ची जागा ‘संमिश्र परिणाम’ घेतो.

यावर उतारा अवघड नाही. निकष, विहिरी आणि तुलनेची गावं पहिला जेसीबी यायच्या आत लेखी ठरवावीत, मूल्यमापनाचे पैसे दुसऱ्या विभागाने द्यावेत आणि मसुदा व अंतिम अहवाल दोन्ही ग्रामसभेत वाचले जावेत. कुठली विहीर कधी आटली, हे तिथे बसलेल्यांना पाठ असतं.