मनोरुग्णालयातील परिचारिकेचा शीण

मुलुंडचा चेकनाका ओलांडला की पुढे जवळच ठाण्याचे मनोरुग्णालय आहे, 1901 पासूनचे. अजूनही काहीजण त्याला 'वेड्यांचे इस्पितळ' म्हणतात. तो शब्द आता सोडून द्यावा. गावाकडून रोग्याला घेऊन येणारे नातलग आधी डॉक्टरांची चौकशी करतात. पण रोग्यापाशी रात्रंदिवस असते ती परिचारिका.

तिचे काम वेगळेच. गोळी दिली म्हणजे झाले असे नाही. ती गिळली की गालात दडवली, हे पाहावे लागते. कुणी जिवाचे बरेवाईट करून घेऊ नये म्हणून दोरी, काच, ब्लेड यांवर नजर ठेवावी लागते. एखादा रोगी शिव्या देतो, अंगावर धावून येतो. तिने मात्र आवाज चढवायचा नाही. अंग दुखले तर पाठ टेकून बरे वाटते. मन असे दिवसभर आवरून धरले, तर त्याचा शीण घरीही बरोबर येतो.

चुलीवर पातेले विसरले की आधी पाणी आटते, मग पातेले करपते. तसेच हे. न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांची ही दशा पाहिली आणि 1974 साली तिला 'बर्नआउट' म्हटले. झोपूनही थकवा जात नाही. रोग्याला नावाने हाक मारणारी बाई खाटेच्या नंबराने बोलू लागते. आपल्या हातून कुणाचे भले होत नाही, असे तिला वाटते. आणि हा शीण शेवटी रोग्यालाच भोवतो. भरलेल्या वर्गापुढे उभ्या राहणाऱ्या गुरुजींना हे निराळे सांगायला नको!

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये याला आजार न म्हणता कामाच्या ताणातून उपजणारी अवस्था म्हटले. मला ते पटते. मग उपायही कामातच शोधायचा: पुरेशी माणसे, वेळेवर सुटणारी पाळी, वॉर्डात काही वाईट घडले तर सहकाऱ्यांनी बसून त्याविषयी बोलणे. 'सेवाव्रती' म्हणून नुसता हार घालून भागत नाही. मन मोकळे करायला 14416 ही सरकारची 'टेलिमानस' सेवा 2022 पासून आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

यात गावाचाही वाटा आहे बरे का. रोगी बरा होतो, अन् न्यायला कुणी येत नाही. त्याची समजूत काढायची तीही परिचारिकेनेच. घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने त्याला तिथे ठेवता येत नाही, असे 2017 चा कायदा सांगतो. तुमच्या गावात असा निरोप आला असेल, तर शिक्षकांनी त्या घरी जाऊन यावे, आणि औषधाच्या वेळा व पुढच्या तपासणीची तारीख घरच्यांना नीट समजावून द्यावी.